दुसऱ्या पाळीतली मगरीब: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका पॅकिंगच्या कारखान्यातल्या मगरीबचं, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाचं, आहे. कारखाना, गाव, माणसं यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी तेव्हा तिथे मनुष्यबळ विभागात होते, त्यामुळे हे लिखाण तटस्थ आहे असा दावा करणार नाही. यातल्या निदान तीन चुका माझ्या आहेत.

कारखाना लहान होता तेव्हा नमाज हा विषयच नव्हता. साठ-सत्तर माणसं, हातानं पॅकिंग. ज्याला नमाज पढायची तो गोदामामागे पुठ्ठा अंथरायचा, शेजारचा त्याचं काम तेवढा वेळ ओढून न्यायचा आणि सुपरवायझर दुसरीकडे बघायचा. परवानगी कोणी मागितली नव्हती, कोणी दिलीही नव्हती.

मग मे महिन्यात नवी स्वयंचलित लाइन आली. चौदा स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर कार्ड लावून हजेरी, आणि लाइन थांबली तर किती सेकंद थांबली व कोणत्या स्टेशनमुळे, हे वर लटकणाऱ्या पडद्यावर लाल अक्षरांत. माणसं दोनशेच्या वर गेली. त्यांत तीसेक मुसलमान. दुसऱ्या पाळीत अकरा, त्यातले सहा या नव्या लाइनवर. दुसरी पाळी अडीच ते साडेदहा. पाच-वीसला दहा मिनिटं चहा, सात-वीसला अर्धा तास जेवण.

पुढचे पाच महिने सगळं सुरळीत चाललं. एका बैठकीत वरिष्ठांनी कौतुकानं तसं म्हटलंही. सुरळीत का चाललं होतं ते आम्हाला नोव्हेंबरात कळलं.

त्या आठवड्यात काय घडलं

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास लाइनवरचे तिघे एकदम उठून गेले. त्यातले दोघे शेजारशेजारच्या स्टेशनवरचे. एक स्टेशन रिकामं असलं तर बाजूचा माणूस कसाबसा सांभाळतो. लागून दोन रिकामी झाली की खोके तुंबतात. लाइन नऊ मिनिटं बंद. सुपरवायझरनं रजिस्टरमध्ये ‘अनधिकृत अनुपस्थिती’ असा शेरा मारला आणि तिघांची नावं माझ्याकडे पाठवली.

मंगळवारी सफाईच्या मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. स्वच्छतागृहातलं बेसिन हात धुण्याच्या उंचीचं, आणि वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, लोक त्यात पाय धुतात. एक पाय वर, दुसऱ्यावर तोल, सगळीकडे पाणी. आदल्या दिवशी त्या स्वतःच तिथे घसरल्या होत्या. त्यांचा राग नमाजावर नव्हता. “पाय धुवायला खाली नळ द्या की, मॅडम,” एवढंच त्यांचं म्हणणं. या प्रकरणातली सगळ्यात सुटसुटीत सूचना त्यांची होती, आणि तिच्याकडे मी पहिले तीन आठवडे लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी कँटीनच्या ठेकेदाराचा फोन आला. दुसऱ्या पाळीतली ताटं कमी होतायत, कारण काय? कारण मला ठाऊक नव्हतं. ते पुढे सांगते.

गडबड उन्हाळ्यात का झाली नाही

पाचही नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, जोहर सूर्य माथ्यावरून ढळल्यावर, असर दुपार कलल्यावर, मगरीब सूर्यास्तापासून संधिप्रकाश मावळेपर्यंत, इशा त्यानंतर रात्री. नमाज ही श्रद्धावंतांवर नेमलेल्या वेळीच बंधनकारक आहे, असं कुराणात (४:१०३) स्पष्ट म्हटलेलं आहे. त्यामुळे घरी गेल्यावर पाचही उरकून टाका, हा सल्ला देणाऱ्याला साधा वाटतो, ऐकणाऱ्याला नाही. वेळ चुकली तर ती नमाज कजा होते. नंतर भरून काढता येते, पण मुद्दाम चुकवणं हा दोष मानतात.

आता आमच्या पाळीशी जुळवून बघू. जोहर घरून निघण्याआधी होते. असर चहाच्या सुट्टीत बसते. इशाची मुदत रात्री उशिरापर्यंत असते, ती घरी जाऊन होते. उरते मगरीब, आणि तिचा अवधी पाचांमध्ये आखूड. आमच्याकडे फार तर सव्वा तास.

जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळायचा आणि जेवणाची सुट्टी सात-वीसला. म्हणजे आमच्यापैकी कोणाला कल्पनाही नसताना जेवणाच्या सुट्टीत लाइनवरचे मुसलमान कामगार आधी नमाज पढून मग जेवत होते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळायला लागला. सव्वासातला वेळ संपणार, सुट्टी पाच मिनिटांनी सुरू होणार. पाच महिने गप्प असलेली माणसं अचानक ‘हट्टाला पेटली’, असं सुपरवायझरला वाटलं ते यामुळे. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

जिथे अक्षांश जास्त तिथे हा हेलकावा आणखी मोठा. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्यास्त दुपारी चारच्याही आधी आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊच्या पुढे. तिथल्या कार्यालयात हिवाळ्यात जोहर, असर, मगरीब तिन्ही कामाच्या वेळेत येऊ शकतात आणि उन्हाळ्यात मगरीब येतच नाही. एकदाच ठरवलेली घड्याळाची वेळ वर्षभर पुरेल, ही कल्पनाच इथे बाद होते. आम्ही मात्र आधी तीच करून बघितली.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

मी सूचनाफलकावर कागद लावला: दुसऱ्या पाळीत ६.१० ते ६.२० ‘नमाजाची सुट्टी’. वेळ इंटरनेटवरच्या एका तक्त्यातून उचललेली.

तीन गोष्टी एकदम बिघडल्या. एक, सहाही जण एकाच वेळी उठणार म्हणजे लाइन बंदच. दोन, ‘सुट्टी’ हा शब्द. बाकीच्यांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, आमची सुट्टी कुठाय? विडी-सिगरेटवाल्यांच्या दहा मिनिटांचा हिशेब कोणी मांडत नाही, असा उलट टोला मुसलमान कामगारांकडून आला, तोही खोटा नव्हता. तीन, सूर्यास्त पुढे सरकत जाणार आणि माझा कागद जुना होणार.

तक्त्याचीही एक गंमत आहे. सूर्यास्त सगळ्यांना सारखाच, पण असर कधी लागते यावर मतभेद आहेत. वस्तूची सावली, माध्यान्हीची सावली वगळून, वस्तूएवढी झाली की असर लागते, असं सुन्नींमधले शाफई, मालिकी, हंबली हे संप्रदाय मानतात. प्रचलित हनफी मत दुप्पट सावलीचं. दोहोंत तासाभराचं अंतर पडू शकतं. अॅपमध्ये किंवा तक्त्यात यातली कोणती पद्धत निवडली आहे ते बघावं लागतं, हे मला कागद लावल्यानंतर समजलं.

विचारलं कोणाला

लाइनवर एक ज्येष्ठ कामगार होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले होते. मी त्यांना बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्हा लोकांना नेमकं काय हवंय?

“तुम्हा लोकांना म्हणजे किती जणांना?” ते म्हणाले. “माझं मी सांगतो. बाकीच्यांना बोलवा.”

मी बाकीच्यांना बोलावलं नाही. चाचा समंजस, मुद्देसूद बोलणारे, आणि माझ्याकडे वेळ कमी. त्यांच्याकडून ऐकलेलं मी ‘मुस्लिम कामगारांचं म्हणणं’ या शीर्षकाखाली वर पाठवून दिलं. या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच.

महागात असा: सहांपैकी एक तरुण शिया होता. शिया जाफरी परंपरेत जोहर-असर आणि मगरीब-इशा एकापाठोपाठ पढण्याची मुभा असते आणि तसं सर्रास करतात. तो पाळी सुटल्यावर दोन्ही नमाजा करायचा. संध्याकाळी जागा सोडायची त्याला गरज नव्हती. सुपरवायझरनं हे पकडलं. “तो करतो ना मागाहून, मग तुम्हालाच काय झालं?” हनफींमध्ये अशी जोडनमाज हजच्या वेळी अरफात आणि मुजदलिफा ही ठिकाणं सोडून नसते. पण हे लाइनवर, यंत्राच्या आवाजात, कोण कोणाला समजावणार? त्या तरुणाला दोन्हीकडून टोमणे बसू लागले. महिनाभरात त्यानं पहिली पाळी मागून घेतली. त्याच्याशी मी एकदाही बोलले नव्हते.

चार मुसलमान बायका तपासणी विभागात होत्या. त्या कपडे बदलायच्या खोलीत, कपाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत नमाज पढत होत्या, तेही पाळीपाळीनं, दाराशी एक जण उभी करून. हे मला जानेवारीत कळलं, तेही सफाईच्या मावशींकडून. प्रश्न उठला तो पुरुषांनी लाइन सोडली म्हणून, आणि आमची सगळी चर्चा त्या तिघांभोवतीच फिरत राहिली.

पुढे ठेवलेले पर्याय

डिसेंबरच्या बैठकीत पाच पर्याय आले. सगळ्यांना सारखाच वेळ द्यायला हवा होता असं मला वाटत नाही, आणि दिलाही गेला नाही.

सरसकट मनाई दोन मिनिटांत निकालात निघाली. गोदामामागे पुठ्ठा अंथरून होत असलेली गोष्ट अचानक गुन्हा ठरवायची तर कारण काय देणार?

सगळ्या मुसलमानांना पहिल्या पाळीत टाकायचं, हा पर्याय बराच वेळ टेबलावर होता, कारण कागदावर तो छान दिसत होता. पहिली पाळी साडेसहा ते अडीच: फजर घरी, जोहर जेवणाच्या सुट्टीत. पण दुसऱ्या पाळीचा भत्ता बुडणार. आणि एक पाळी एका धर्माची झाली की पुढे काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय पहिल्या पाळीत शुक्रवार येतो. जुमाची, म्हणजे शुक्रवार दुपारची, नमाज जमातीनं (एकत्र जमून), खुतब्यासह (प्रवचनासह) होते. पुरुषांना ती एकट्यानं उरकता येत नाही. म्हणजे प्रश्न संध्याकाळवरून शुक्रवार दुपारवर गेला असता.

जेवणाची सुट्टीच हिवाळ्यात तासभर आधी घ्यावी, असं एकानं सुचवलं. मला हे अजूनही वाईट वाटत नाही. पण सव्वासहाला जेवलं तर पुढे सव्वाचार तास पोटात काही नाही, म्हणून बाकीचे कामगार तयार नव्हते. ठीकच होतं त्यांचं.

चौथा पर्याय नमाजाच्या खोलीचा. वरिष्ठांना हा सगळ्यात आवडला. खोली दाखवता येते, तिचा फोटो निघतो. चाचांना मी बैठकीत बोलावलं होतं. नकाशा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो नीट पाहिला, किब्ला, म्हणजे मक्केतल्या काबेची दिशा, कुठल्या बाजूला येतो तेही बोटानं दाखवलं आणि नकाशा परत केला.

“खोली चांगली आहे साहेब. पण खोलीत जाणार कसा? माझ्या स्टेशनवर दहा मिनिटं उभा राहील असा माणूस द्या. जानमाज मी कुठंही अंथरीन.”

यावर उत्पादन प्रमुखांनी एक उदाहरण काढलं. ते वाचलेलं होतं त्यांनी. २००७ साली मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेच्या मान्यतेनं त्यांच्यासाठी मार्गदर्शिका निघाली होती. स्थानक दिवसातून सोळाच्या आसपास वेळा पृथ्वीला फेरी मारतं. तितके सूर्यास्त धरून नमाज कशी पढणार? तेव्हा चोवीस तासांत पाचच, आणि वेळ उड्डाणाच्या ठिकाणची धरायची. काबेकडे तोंड करणं जमलं नाही तर पृथ्वीकडे, तेही नाही तर जमेल तिकडे. उभं राहता येत नसेल तर बसून, आडवं होऊन, डोळ्यांच्या इशाऱ्यानं, अगदी शेवटी मनातल्या मनात. मग लाइनवर उभ्या उभ्या का नाही, हा प्रमुखांचा प्रश्न. तो कुचकट नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

चाचा म्हणाले, “तिथं त्यांच्या जागी उभा राहायला दुसरा माणूस नव्हता. इथं आहे.”

सवलत असते ती खरी अडचण असलेल्यासाठी. अडचण आपणच तयार करून सवलतीकडे बोट दाखवता येत नाही. मी हे नंतर माझ्या शब्दांत लिहून काढलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

पाचवा पर्याय त्यातूनच निघाला: बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर. एकावेळी दोघंच सुटतील, लागून असलेल्या स्टेशनवरचे नाहीत. सुपरवायझरनंच फळ्यावर मांडून दाखवलं. शिया तरुण सोडला तर पाच जण, दोन, दोन आणि एक अशा तीन तुकड्या, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. मगरीबच्या सव्वा तासात हे आरामात बसत होतं. वेळ लागल्याबरोबर पढणं उत्तम, पण सगळे एकदम गेलेच पाहिजेत असं नाही, हे पाचही जणांनी मान्य केलं. लहानशी का होईना, दोघांची जमात होते. एक इमाम, दुसरा त्याच्या उजव्या बाजूला.

नाव बदललं. ‘नमाजाची सुट्टी’ फलकावरून काढली आणि दुसऱ्या पाळीतल्या प्रत्येकाला, कारण न विचारता, रिलीव्हरच्या नोंदवहीत नाव लिहून एकदा दहा मिनिटं. मधुमेह असलेल्या एकानं ती खाण्यासाठी घेतली, एका आईनं घरी फोन करण्यासाठी. सिगरेटवाल्यांनी अर्थातच सिगरेटसाठी.

कँटीनची बाजू

ताटं का कमी होत होती? नोव्हेंबरात ठेकेदार बदलला होता. नव्यानं आल्याआल्या चिकनच्या काउंटरवर मोठी पाटी लावली: ‘हलाल’. हेतू चांगला होता. चिकन येतही होतं हलाल पुरवठादाराकडूनच.

पण वाढणारा मुलगा एकच चिमटा दोन ट्रेमध्ये फिरवत होता, आणि दुसऱ्या ट्रेमध्ये डुकराच्या मांसाचे सॉसेज होते. तळणीची कढई एक, तेल एक. त्यात भर पुडिंगची. लाइनवरच्या एका मुलानं ते तीन वेळा खाल्लं, चौथ्यांदा कचऱ्याच्या डब्यात पडलेलं पाकीट उचलून वाचलं. ‘जिलेटिन’. कशापासूनचं, ते लिहिलेलं नाही. जिलेटिन डुकराच्या कातडीपासूनही निघतं, गाईगुरांच्या हाडा-कातड्यापासूनही. त्यानं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा आणायला लागला. दोन आठवड्यांत नऊ जणांचे डबे दिसू लागले.

मी त्याला विचारलं तेव्हा तो शांत होता. “न कळता खाल्लं त्याचा गुन्हा नसतो, मॅडम. पण पाटी कुणी लावली?”

हा प्रश्न मला आधी कळलाच नाही. मी त्याला सांगत राहिले की चिकन खरंच हलाल आहे. मुलगा चिकनबद्दल बोलतच नव्हता. हलाल म्हणजे कापण्याची पद्धत, एवढंच माझ्या डोक्यात: मुसलमानानं (किंवा काहींच्या मते ज्यू-ख्रिस्ती व्यक्तीनंही) अल्लाहचं नाव घेऊन, धारदार सुरीनं, रक्त वाहून जाईल असं कापलेलं. ते खरं, पण कँटीनमध्ये त्यापुढेही बरंच असतं. भांडं, तेल, पळी, आणि पाकिटांतले असे घटक की जे नुसतं नाव वाचून कळत नाहीत. ई ४७१ हा पायसीकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) वनस्पती तेलापासूनही बनतो, प्राण्यांच्या चरबीपासूनही. चीजसाठी दूध गोठवणारं रेनेट वासराच्या पोटातून येऊ शकतं. व्हॅनिला अर्कात अल्कोहोल असतं. शंकास्पद पदार्थाला मशबूह म्हणतात, आणि बरेच जण तो सोडून देतात. ‘तुम्ही शाकाहारी काउंटरवर जेवा की’ हा सल्ला बहुतेकदा चालतो, पण तेल तेच असेल तर तिथेही प्रश्न येतो. गंमत म्हणजे त्या तेलाचा प्रश्न आमच्या शाकाहारी लोकांनीही विचारला असता, त्यांना ठाऊक असतं तर.

इथेही पहिली सूचना ठोक आली: सगळंच मांस हलाल आणा, एकच कढई, विषय संपला. मी त्याला तयार होते. बैठकीतून उठताना विद्युत विभागातला एक शीख सहकारी मला म्हणाला, मग मी जेवायचं कुठे? शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, कुठ्ठा मांस, म्हणजे मुस्लिम पद्धतीनं कापलेलं, वर्ज्य आहे. दोनशे माणसांत तो एकटाच होता. एकाच्या पाळण्यासाठी दुसऱ्याचं मोडायचं असं होणार होतं, आणि आम्ही ते सर्वसमावेशक म्हणून मंजूर करणार होतो.

स्वतंत्र स्वयंपाकघर परवडणारं नव्हतं. सुदैवानं त्याची गरजही नव्हती. ‘हलाल’ शब्द वापरण्याबाबत कोडेक्स अॅलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या आयोगाची १९९७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एकाच इमारतीत हलाल आणि इतर अन्न वेगवेगळ्या विभागांत किंवा लाइनवर बनवता येतं, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होणार नाही अशी व्यवस्था असली पाहिजे, असं ती सांगतात. आधी इतर अन्नासाठी वापरलेली साधनंही इस्लामी नियमांप्रमाणे स्वच्छ करून वापरता येतात. ठेकेदारापुढे हे ठेवलं तेव्हा त्यानंच सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं होतं, आता दुसरं स्वयंपाकघर बांधायला सांगतात.

केलं ते असं. डुकराच्या मांसाचं काउंटर दालनाच्या दुसऱ्या टोकाला, त्याची कढई, पाट्या, चिमटे वेगळे आणि धुण्याची जागाही वेगळी. पुडिंग सगळ्यांसाठीच अगर-अगरचं, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणारं. हा बदल सगळ्यात सोपा निघाला, कोणाच्या लक्षातही आला नाही. आणि ‘हलाल’ची पाटी काढली. तिच्या जागी प्रत्येक पदार्थापुढे कार्ड: मांस कोणाकडून, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, तेल कोणतं, जिलेटिन आहे की नाही.

पाटी काढल्यावर काहींना वाटलं आम्ही माघार घेतली. कारण वेगळं होतं. कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करणं चालतं की नाही, यंत्रानं कापलेली कोंबडी चालते की नाही, यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्येच एकमत नाही. चाचा एका संस्थेचा शिक्का मानायचे, डबा आणणारा मुलगा मानायचा नाही. त्यांच्यातला निवाडा कँटीनच्या ठेकेदारानं करायचं कारण नव्हतं. नऊ डब्यांतले सहा परत ताटावर आले. तीन आले नाहीत, त्यांनी कार्ड वाचून तसं ठरवलं.

पुढे काय झालं

रिलीव्हरची योजना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. नमाजामुळे लाइन थांबल्याची नोंद त्या हिवाळ्यात परत झाली नाही. दोन संध्याकाळी रिलीव्हरच गैरहजर होता. त्या दिवशी सुपरवायझर स्वतः स्टेशनवर उभा राहिला, एकदा कुरकुरत, एकदा न कुरकुरता. आधीच्या तिघांवरचा ‘अनधिकृत अनुपस्थिती’चा शेरा काढायला मला मार्च उजाडला, कारण शेरा मारण्याचा अर्ज असतो, खोडण्याचा नसतो.

खाली नळ बसला: गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोर सिमेंटचा ओटा, मोरीला उतार. मावशींनी स्वतः पाणी सोडून उतार तपासला. काही जण वजू घरूनच करून यायचे आणि मोजे घालायचे. कातडी मोज्यांवर ओला हात फिरवायची मुभा प्रवासात नसलेल्या माणसाला एक दिवस-रात्र असते, त्यामुळे त्यांना नळ फारसा लागलाच नाही.

रमजान आला तेव्हा दहा मिनिटं पुरेनात. रोजा सोडणं आणि मगरीब एकाच क्षणाला येतात. खजूर, पाणी, नमाज, मग दोन घास. महिन्यापुरती वीस मिनिटं केली, त्यासाठी दुसरा रिलीव्हर घेतला. त्याबद्दल इतर कामगारांकडून नाराजी अपेक्षित होती तशी आली नाही. बहुधा त्यांची स्वतःची दहा मिनिटं शाबूत होती म्हणून. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा हे गणितही दरवर्षी नव्यानं मांडावं लागणार.

शुक्रवारचा प्रश्न अर्धाच सुटला. पहिल्या पाळीतल्या लोकांना जेवणाची सुट्टी पाऊण तासाची करून तेवढी वेळ शेवटी भरून द्यायची मुभा मिळाली. कारखान्यातच जुमा घ्यावा असं काहींनी सुचवलं. हनफींना इमामाखेरीज तीन माणसं पुरतात, शाफई चाळीस मागतात. तो वाद आम्ही सुरूच होऊ दिला नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर.

आज करायचं झालं तर

लाइन बसवतानाच, मे महिन्यात, वर्षभराचा सूर्यास्ताचा तक्ता पाळीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघितला असता तर नोव्हेंबरची गाठ सहा महिने आधी दिसली असती. या कामाला कागद-पेन्सिल पुरते.

एका माणसाला प्रतिनिधी केलं नसतं. अकरा जणांना वेगवेगळं विचारायला दोन संध्याकाळी लागल्या असत्या. आणि प्रश्न ‘तुमच्या धर्मात काय असतं’ असा नसता. ‘तुम्ही स्वतः काय पाळता, आणि त्यात आमची पाळी कुठे आडवी येते’ असा असता. काही जण नमाज पढतच नव्हते. त्यांनाही मधल्या काळात सहकाऱ्यांकडून ‘तू जात नाहीस?’ असं विचारलं जात होतं, आणि ते माझ्या कागदाचं फळ होतं.

बायकांच्या कपाटांमधल्या जागेचं काय करायचं ते मी असेपर्यंत ठरलं नाही. एक पडदा आणि एक लाकडी फळी एवढंच झालं.

शेरा मारण्याआधी एक संध्याकाळ थांबायला सुपरवायझरला सांगायला हवं होतं. त्याला दोष देणं सोपं आहे, पण थांबण्याचे सेकंद त्याच्या नावावर चढत होते आणि रिलीव्हर त्याच्याकडे नव्हता. आम्ही त्याला एकच हत्यार दिलं होतं, त्यानं ते चालवलं.

दोन वर्षांनी याच व्यवसायातल्या दुसऱ्या एका कारखान्यानं आमच्या ‘नमाज धोरणा’ची प्रत मागितली. धोरण असं नव्हतंच. मी त्यांना रिलीव्हरच्या नोंदवहीचं कोरं पान, सूर्यास्ताचा तक्ता आणि कँटीनच्या कार्डाचा नमुना पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं. आभार मानून खाली विचारलं होतं, खोलीचा नकाशा जोडायचा राहिला का?